कोल्हापूरला १०० ई-बस मंजूर झाल्या, पण त्यामुळं केएमटी वेळेत येणार का?

सकाळचे सव्वानऊ झालेत. पाचगावातली एक पोरगी विद्यापीठात साडेदहाच्या लेक्चरला निघालीय. स्टॉपवर पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली, केएमटीचा पत्ता नाही. तेवढ्यात वडाप येऊन थांबतं. ती एकदा रस्त्याकडं बघते, एकदा घड्याळाकडं बघते आणि वडापमध्ये बसते.

पुढं दोन मिनिटांत केएमटी येते. निम्मी रिकामी.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण कोल्हापुरात राहिलेल्या माणसाला तो नवा वाटणार नाही. केएमटीची सगळी अडचण या एका प्रसंगात सापडते. बस वेळेत नाही म्हणून प्रवासी नाही, प्रवासी नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून बस दुरुस्त होत नाही आणि बस दुरुस्त होत नाही म्हणून ती वेळेत नाही.

आता या चक्रात केंद्राचा पैसा येतोय. 'पीएम ई-बस सेवा' योजनेतून कोल्हापूरला १०० इलेक्ट्रिक बस मंजूर झाल्या. सोशल मीडियावर लगेच दोन गट पडले. एक म्हणतो, आता नाद खुळा, कोल्हापूर पुण्या-मुंबईच्या बरोबरीला येणार. दुसरा म्हणतो, अशा योजना लई बघितल्या, चार वर्षांनी याच बस वर्कशॉपला धूळ खात पडणार.

बरोबर कोण? त्यासाठी आधी हा पैसा नेमका कशासाठी येतोय ते बघावं लागेल.

सगळ्यात आधी, बस कुणाच्या?

१०० बस मंजूर झाल्या म्हटल्यावर आपल्याला वाटतं, केंद्र सरकारनं १०० गाड्या विकत घेऊन महापालिकेच्या दारात उभ्या केल्या. तसं नाहीये.

१६ ऑगस्ट २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ही योजना मंजूर केली. देशभरात १०,००० ई-बस, एकूण अंदाजे खर्च ५७,६१३ कोटी, त्यात केंद्राचा वाटा २०,००० कोटी. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या शहरांची लोकसंख्या ३ लाखांच्या वर, ती शहरं पात्र. कोल्हापूरची लोकसंख्या तेव्हा साधारण साडेपाच लाख होती, त्यामुळं आपला नंबर लागला.

योजनेतली बस विकत घेते खासगी कंपनी. ड्रायव्हर कंपनीचा, देखभाल कंपनीची, टायर फुटला तरी जबाबदारी कंपनीची. महापालिकेचं काम म्हणजे मार्ग आणि वेळापत्रक ठरवायचं, तिकिटाचे पैसे गोळा करायचे आणि कंपनीला धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागं ठरलेला दर द्यायचा.

बसमध्ये पन्नास माणसं असोत नाहीतर पाच, कंपनीला तेवढेच पैसे मिळतात. याला 'ग्रॉस कॉस्ट' पद्धत म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर गाडी भाड्यानं घेतलीय आणि मीटर चालू आहे. सीट भरली की नाही, याची काळजी भाड्यानं घेणाऱ्यानं करायची.

मग केंद्राचा पैसा कुठं येतो? दोन ठिकाणी. पहिलं, किलोमीटरमागं मदत मिळते. १२ मीटरच्या बसला २४ रुपये, ९ मीटरच्या बसला २२ रुपये आणि ७ मीटरच्या बसला २० रुपये. दुसरं, चार्जिंगसाठी वीज आणायचा खर्च आणि डेपो उभा करायच्या खर्चातला मोठा वाटा.

म्हणजे केंद्राकडून मिळणारी मुख्य गोष्ट आहे बस चालवायच्या रोजच्या खर्चातला हिस्सा. आधीच्या योजनांपेक्षा हा फरक मोठा आहे.

आधी काय झालं होतं?

२००९ च्या सुरुवातीला, जागतिक मंदीच्या काळात, केंद्रानं 'जेएनएनयूआरएम' योजनेतून शहरांना बस घ्यायला पैसे दिले. उद्देश दुहेरी होता, शहरांना बस मिळाव्यात आणि वाहन उद्योगालाही हात मिळावा. पुढं २०१३ मध्ये ही मदत इतर शहरांसाठी खुली झाली आणि कोल्हापूरलाही तिच्यातून नव्या बस मिळाल्या.

त्या योजनेचा पैसा गाडी दारात येईपर्यंतचा होता. गाडी आल्यावर डिझेल कोण भरणार, ड्रायव्हरचा पगार कोण देणार, पाचव्या वर्षी इंजिनचं काम निघालं की पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर ज्या त्या शहरानं शोधायचं होतं. बऱ्याच शहरांना ते सापडलं नाही.

शेजारच्या सोलापूरचं उदाहरण बघा. तिथं याच योजनेतून आलेल्या बऱ्याच बसच्या चेसीला तडे गेले, वाद लवादापर्यंत पोचला आणि नव्या कोऱ्या म्हणून आलेल्या गाड्या रस्त्यावरून उठल्या.

नव्या योजनेनं हा धडा घेतलाय असं म्हणता येईल. बस बंद पडली तर किलोमीटर होणार नाहीत आणि किलोमीटर झाले नाहीत तर कंपनीला पैसे नाहीत. त्यामुळं गाडी धावती ठेवण्यात कंपनीचाच फायदा आहे.

इथवर चित्र चांगलं आहे. आता कागद-पेन्सिल घेऊ.

हिशोब मांडून बघू

खालचा हिशोब समजण्यासाठी आहे, कोल्हापूरच्या कराराचे हे आकडे नाहीत.

समजा कंपनीचा दर किलोमीटरला ६० रुपये आहे. एक बस दिवसाला २०० किलोमीटर धावते. बस १००, सगळ्या ९ मीटरच्या.

वर्षाचे किलोमीटर झाले ७३ लाख. कंपनीला द्यायचे ४३ कोटी ८० लाख. केंद्र २२ रुपयांप्रमाणे देणार १६ कोटी ६ लाख. उरले २७ कोटी ७४ लाख. हे तिकिटातून किंवा महापालिकेच्या तिजोरीतून आले पाहिजेत.

हाच आकडा एका बसच्या एका दिवसावर आणला की होतात ७,६०० रुपये. सरासरी तिकीट १२ रुपये धरलं तर प्रत्येक बसमध्ये दिवसाला साधारण ६३० माणसं बसली पाहिजेत. तेव्हा कुठं ना नफा ना तोटा. यात कंडक्टरचा पगार अजून धरलेलाच नाही.

६३० च्या जागी ४०० माणसं बसली तर? मग दर बसमागं दिवसाला २,८०० रुपयांची तूट. वर्षाला १० कोटी २२ लाख.

अशा करारांत कंपनीचा दर महागाईनुसार वाढत जातो. केंद्राची मदत मात्र योजनेत ठरवून दिलेल्या आकड्यात असते. म्हणजे सुरुवातीला केंद्र खर्चातला एक तृतीयांशपेक्षा जास्त वाटा उचलत असेल, तर सातव्या-आठव्या वर्षी तोच वाटा कमी झालेला दिसेल. फरक शहरानं भरायचा.

अजून एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. केंद्राची ही मदत बस सुरू झाल्यापासून १० वर्षं किंवा मार्च २०३७ पर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर आहे. म्हणजे मार्च २०२७ नंतर जी बस रस्त्यावर येईल, तिला पूर्ण दहा वर्षं मदत मिळणारच नाही. डेपोचं काम रखडलं, विजेची लाइन रखडली, तर नुसती वाट बघावी लागते असं नाही. वर काढलेल्या आकड्यानं १०० बसचा एक महिना गेला की साधारण १ कोटी ३४ लाखांची मदत हातची जाते.

कोल्हापूरकरांना हे ऐकल्यासारखं का वाटतंय?

कारण खासगी भागीदारीचा एक मोठा अनुभव या शहराच्या पाठीशी आहे. रस्ते खासगी कंपनीनं बांधायचे आणि टोलमधून पैसे वसूल करायचे असा करार झाला होता. रस्ते झाले, २०१३ मध्ये टोल सुरू झाला आणि शहर रस्त्यावर उतरलं. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ नेते पुढं होते. अखेर २०१५ च्या शेवटी टोल रद्द झाल्याची घोषणा झाली आणि कंपनीची भरपाई सरकारला करावी लागली.

त्या लढ्यानं शिकवलेली गोष्ट साधी होती. करार होताना कुणी वाचत नाही, बिल आल्यावर सगळे वाचतात. ई-बसचा करार म्हणूनच आधी वाचायला हवा. दर किती, किमान किती किलोमीटरचे पैसे द्यावेच लागणार, बस उशिरा आली किंवा मध्येच बंद पडली तर दंड किती, हे सगळं त्यात असतं.

बिल थकलं तर काय होतं?

याचं उत्तर मुंबईत आहे. 'बेस्ट'नं भाडेतत्त्वावरच्या बस मोठ्या प्रमाणावर घेतल्या. जुलै २०१९ मध्ये किमान तिकीट ५ रुपयांवर आणलं. लोक खूश झाले, प्रवासी वाढले. पण तिकिटाचा पैसा आणि बसचा खर्च यातलं अंतरही वाढलं. पुढं काही ठेकेदारांनी परवडत नाही म्हणत गाड्या काढून घेतल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेकेदारांच्या ड्रायव्हरांनी पगारवाढीसाठी काम बंद केलं आणि मुंबईकर स्टॉपवर अडकले. शेवटी मे २०२५ मध्ये किमान तिकीट ५ वरून १० रुपये झालं. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या पीएमपीनंही तेच केलं.

यावर केंद्रानं एक उपाय काढलाय. सप्टेंबर २०२४ मध्ये ३,४३५ कोटींचा एक निधी मंजूर झाला. शहरानं कंपनीचे पैसे वेळेत दिले नाहीत तर आधी या निधीतून दिले जाणार आणि नंतर ते वसूल केले जाणार. त्यासाठी राज्यांनी रिझर्व्ह बँकेला थेट खात्यातून रक्कम वळती करायची मुभा द्यायची आहे.

यामुळं कंपन्यांना धीर येतो, बस बंद पडायचा धोका कमी होतो. पण बिल माफ होत नाही. ते फक्त वेळेत भरलं जातं.

बरं, १०० बस म्हणजे पुरेशा आहेत का?

केंद्राच्याच शहरी वाहतुकीच्या निकषांनुसार चांगली सेवा म्हणजे दर हजार लोकसंख्येमागं ०.६ बस. कोल्हापूरच्या साडेपाच लाखांना हे गणित लावलं तर होतात ३३० बस. सगळ्यात खालची श्रेणी ०.२ च्या आत, म्हणजे ११० बसच्या आत.

फक्त १०० ई-बस धरल्या तर आपण सगळ्यात खालच्या श्रेणीतच राहतो. सध्याच्या बस जोडल्या तर थोडं वर येतो. पण जुन्या बसचंही आयुष्य संपत आलंय. १५ वर्षं पूर्ण झालेली सरकारी आणि महापालिकांची वाहनं एप्रिल २०२३ पासून भंगारात काढायचा नियम आहे. नव्या १०० आल्या आणि त्याच वेळी जुन्या निघून गेल्या, तर ताफा वाढला असं म्हणता येणार नाही.

म्हणून बातमीत '१०० नव्या बस' वाचलं की एक प्रश्न विचारायचा. रोज सकाळी रस्त्यावर निघणाऱ्या एकूण बस किती झाल्या?

१०० बसमध्ये काय करता येतं?

लई काही करता येतं, पण एक कडू निर्णय घेतला तरच.

समजा १२ किलोमीटरचा एक मार्ग आहे. शहरातला सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर. जायला ४८ मिनिटं, यायला ४८ मिनिटं, दोन्ही टोकांना मिळून १४ मिनिटं थांबा. एक फेरी झाली ११० मिनिटांची. या मार्गावर दर दहा मिनिटाला बस हवी असेल तर ११ बस लागतात. शंभरातल्या दहा चार्जिंग-दुरुस्तीला बाजूला ठेवल्या, तर उरलेल्या ९० मध्ये असे ८ मार्ग चालतात.

आठ मार्ग. दर दहा मिनिटाला बस. घड्याळ न बघता स्टॉपवर जायचं आणि बस येणार. सुरुवातीची ती पोरगी मग वडापमध्ये बसणार नाही.

आता त्याच ९० बस तीस मार्गांवर वाटा. एका मार्गाला तीन बस आल्या. म्हणजे एक बस गेली की पुढची साधारण ३७ मिनिटांनी. नवी, एसी, गुळगुळीत, पण ३७ मिनिटांनी. ती पोरगी वडापमध्येच बसणार.

प्रत्येक भागाला वाटतं एक तरी बस आपल्याकडं यावी आणि ते साहजिक आहे. पण सगळ्यांना थोडं-थोडं वाटलं तर कुणालाच उपयोगाचं काही मिळत नाही. कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली एमआयडीसी, विद्यापीठ, कसबा बावडा, कळंबा, पाचगाव, रंकाळा. यातले कुठले मार्ग आधी घट्ट करायचे हे ठरवणं, हाच खरा निर्णय आहे. बाकीच्या भागांना छोट्या जोडबस किंवा रिक्षा मुख्य मार्गापर्यंत आणून सोडू शकतात.

अजून एक गंमत बघा. वाहतूक कोंडीमुळं वेग १५ वरून १२ वर आला, तर तीच फेरी १३४ मिनिटांची होते आणि दहा मिनिटाच्या बससाठी ११ ऐवजी १४ गाड्या लागतात. आठ मार्गांचे झाले सहा. म्हणजे रस्त्यावरचं वेडंवाकडं पार्किंग, चौकातली कोंडी आणि सिग्नलचा गोंधळ मिळून दोन अख्खे मार्ग खातात. कंपनीला पैसे किलोमीटरवर मिळत असल्यानं बस कोंडीत अडकली की किलोमीटरही कमी आणि प्रवासीही कमी. बसला वाट करून द्यायला केंद्राच्या योजनेची गरज नाही. महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी ठरवलं तरी पुरे.

गावांचं काय?

कोल्हापूर महापालिका १९७२ मध्ये झाली. तेव्हापासून हद्द जवळपास तिथंच आहे, शहर मात्र चारी बाजूंनी पसरलं. केएमटी आसपासच्या गावांत जाते, तिथून कामाला, कॉलेजला, सीपीआरला माणसं येतात. तोटा मात्र शहराच्या करातून भरला जातो. हद्दवाढीचा वाद पेटला की 'गावांची केएमटी बंद करा' ही मागणी पुढं येते ती यामुळंच.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. शहरवासी म्हणतो, आम्ही कर भरतो आणि फायदा बाहेरच्याला. गावचा माणूस म्हणतो, मी रोज तिकीट काढतो, खरेदी तुमच्याच बाजारात करतो.

ई-बस आल्यावर हा वाद वाढणार आहे, कारण किलोमीटरमागं बिल येणार आणि गावाकडचा मार्ग लांबचा असणार. पुण्यात पीएमपीचा तोटा पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका साठ-चाळीस वाटून घेतात. कोल्हापुरात २०१७ मध्ये ४२ गावांसाठी शहरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. शहर, प्राधिकरण आणि जिल्हा परिषद यांनी मिळून तूट वाटून घ्यायचं सूत्र आत्ताच ठरवलं, तर पुढची भांडणं वाचतील.

मग, सेवा सुधारणार का?

पैशानं बस येईल. ती आवाज कमी करेल, धूर सोडणार नाही, चढायला बरी असेल. कंपनीला पैसे धावण्याचे मिळणार असल्यानं ती बंद पडून राहायची शक्यताही आधीपेक्षा कमी. एवढं धरून चालायला हरकत नाही.

वेळेत येणं मात्र पैशावर अवलंबून नाही. भुवनेश्वरनं २०१८ मध्ये 'मो बस' सुरू केली, तेव्हा नव्या गाड्यांबरोबर मार्गही नव्यानं आखले, बस कुठं आहे ते मोबाइलवर दिसायची सोय केली, महिलांना कंडक्टर-ड्रायव्हर म्हणून घेतलं. २०२२ मध्ये त्या सेवेला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. ड्रायव्हरच्या प्रशिक्षणाचा मुद्दाही लहान नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईत कुर्ल्याला भाडेतत्त्वावरची ई-बस गर्दीत घुसून लोकांचे जीव गेले, त्यानंतर डिझेल बसवरून ई-बसवर येणाऱ्या चालकांना किती शिकवलं जातं हा प्रश्न देशभर विचारला गेला.

कोल्हापुरात नोव्हेंबर २०२० पासून पाच वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. बस का आली नाही हे विचारायला परिवहन समिती नव्हती. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. म्हणजे आता विचारायला माणूस आहे.

तर पुढच्या वेळी ई-बसच्या उद्घाटनाचा, फुगे लावलेल्या गाडीचा फोटो तुमच्या फीडवर आला की तो शेअर करा, बिनधास्त करा. फक्त खाली कमेंटमध्ये हे पाच प्रश्न टाका.

एक, किलोमीटरचा दर किती आणि तूट कुठल्या पैशातून भरणार?

दोन, रोज सकाळी रस्त्यावर निघणाऱ्या एकूण बस आधी किती होत्या आणि आता किती?

तीन, दर दहा मिनिटाला बस असणारे मार्ग कुठले?

चार, बस कुठं आहे ते मोबाइलवर दिसणार का?

पाच, गावांच्या मार्गांचा खर्च कोण उचलणार?

या पाचांची उत्तरं मिळाली तर समजा, पाचगावच्या स्टॉपवरची ती पोरगी साडेदहाच्या लेक्चरला वेळेत पोचेल. नाही मिळाली, तर बस नवी असेल आणि वाट बघणं जुनंच.